घडी कोणी मोडावी?

मागच्या महिन्यात आमच्या मंडळातील मुलींनी मला रेशमी वस्त्रांची निगा आणि आपल्याला शोभेल असा पोशाख या विषयावर बोलण्यास सांगितले. मी मुद्दे काढून गेले होते. परंतु वेखंडाच्या पुरचुंडीचा पहिलाच मुद्दा उच्चारला आणि त्यामागून राधाआत्या आली, तिच्यामागून पाटलीणबाई आल्या, आणि शेवटी यमुनाकाकू. मुद्दे राहिले ते राहिलेच. अशा गोष्टींचे हे असेच असते. पेटाऱ्यातून एक लुगडे ओढावे, तर त्याच्या जरीत दुसरे अडकून येते, आणि घटकाभरात सगळा पेटारा जमिनीवर येतो.

मुली पुष्कळ हसल्या. मी त्यांच्याबरोबर हसले नाही, कारण या गोष्टी घडत होत्या तेव्हा आम्ही सर्वजणी भीत होतो.

काळ सांगते. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली होती. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, आणि आमच्या वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील बोंडांना एकाएकी असा भाव आला होता की, मुंबईचे व्यापारी अमरावतीच्या बाजारात मुक्काम ठोकून बसले होते. आगगाडी अजून आमच्यापर्यंत आली नव्हती. कापसाच्या गाड्यांच्या रांगा दारावरून जात आणि त्यांच्यामागे रुईचे तंतू हवेत तरंगत राहत. मी तेव्हा परकर नेसण्याच्या वयाची होते. वडील वकिली करीत, काका कापसाची दलाली. घरात लुगडी येऊ लागली ती काकांच्या हातून.

त्यापूर्वी आमच्या घरातील बायकांजवळ रोजची दोन आणि सणाचे एक, एवढाच पसारा असे, आणि कोणी कशाला भीत नसे. वस्त्र एकच असते तोवर मनुष्य त्याची काळजी घेतो. पेटारा भरला म्हणजे त्याला भिऊ लागतो. चोराची भीती, रेशीम खाणाऱ्या कसरीची भीती, आगीची भीती. आमच्या घरात आणखी एक होती. ती पुढे येईल.

*

शेवंताबाई पाटलीण ही वडिलांच्या एका अशिलाची बायको. बार्शीटाकळीकडे त्यांची मोठी शेती होती. कोर्टाचे काम निघाले की पाटील बैलगाडीने अमरावतीस येत, पाटलीणबाई बरोबर येत, आणि दोघांचा मुक्काम आमच्या मागच्या ओसरीवर असे.

एका वैशाखात त्या गाडीतून उतरल्या त्या त्यांना चालवेना. अंगाचा घेर दुप्पट झालेला, चेहरा लालबुंद, घामाच्या धारा लागलेल्या. आईला वाटले, अंगावर सूज आली. तिने घाईने पाट मांडला, पण पाटलीणबाईंना बसताही येईना.

राधाआत्याने दुरूनच पाहिले आणि विचारले, "किती नेसली आहेस?"

पाटलीणबाईंनी पदर बाजूला केला. एकावर एक तीन लुगडी! वर बऱ्हाणपुरी, तिच्याखाली नागपुरी, सर्वांत आत पैठणी. त्यांच्या गावात दरोड्याची आवई उठली होती. लुगडी घरी ठेवावी तर भीती, गाठोड्यात बांधून गाडीत ठेवावी तर अधिकच भीती. तेव्हा सगळा पेटारा अंगावर चढवून बाई निघाल्या होत्या.

"चोराले लुगडी पाह्यजे असतीन तं आता मलेच उचलून न्या लागन," त्या पदराने वारा घेत म्हणाल्या. "अन् मले उचलनारा चोर अजून पैदा व्हायचा हाय."

आम्ही हसलो. आत्या हसली नाही. घामाने पैठणीची जर काळवंडली होती, ती तिला दिसली होती.

"चोरानं नेली असती तर निदान शाबूत राहिली असती," ती म्हणाली.

*

राधाआत्या ही वडिलांची थोरली बहीण. न कळत्या वयात लग्न, न कळत्या वयात वैधव्य. केशवपन झालेले, आणि अंगावर बारा महिने तांबडे आलवण. जरीचा काठ तिच्या अंगाला लग्नात लागला असेल तेवढाच, आणि तोही तिला आठवत नव्हता. तथापि घरातील सर्व पेटाऱ्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असत, आणि कोणी काय नेसावे हे ठरविणारी तीच होती.

तिचे नियम मला अजून तोंडपाठ आहेत. रेशीम उन्हात घालू नये, सावलीतल्या वाऱ्यावर घालावे. जर आतल्या अंगास घेऊन घडी करावी. वेखंड आणि वाळलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून ठेवावा, रेशमास थेट लागू देऊ नये. घड्या महिन्याच्या महिन्याला बदलाव्या, कारण एकाच रेषेवर दुमडून राहिलेले रेशीम त्याच रेषेवर चिरते. "नेसेन कधीतरी" असे म्हणण्याची आमच्याकडे कोणाची छाती नव्हती. न नेसलेले लुगडे नेसलेल्यापेक्षा लवकर मरते, असे आत्याचे म्हणणे होते.

पण खरी दहशत तिच्या नजरेची. हळदीकुंकवास निघालेली प्रत्येक बाई माजघराच्या उंबऱ्याशी थांबे, आत्या मान वर करून पाही, आणि मग काय ते ठरे. एकदा आई काकांनी आणलेले कोरे केशरी लुगडे नेसून मोठ्या हौसेने निघाली.

आत्याने पाहिले. "लुगडं दिसतंय," ती म्हणाली. "तू दिसत नाहीस."

आई मुकाट्याने आत गेली आणि आपले जुने जांभळे नेसून आली. त्या दिवशी हळदीकुंकवाला जी ती तिला विचारू लागली की, हे नवे कुठून घेतले.

पुढे मी शिकले. पोशाखाविषयी इंग्रजीतही थोडेफार वाचले. आत्याच्या त्या दोन वाक्यांपलीकडचे मला त्यात काही आढळले नाही.

*

रुई आणि विस्तव यांची गाठ पडू नये म्हणून आत्याने एक रिवाज पाडला होता. बाजारातून येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर कापसाचे तंतू असत. तसेच चुलीपाशी गेल्यामुळे पलीकडच्या आळीतील एका बाईचा पदर भुरकन पेटला होता. बाई वाचली, पण ती बातमी आल्यापासून आत्या मोरपिसांचा झाडू घेऊन दारात बसू लागली. झाडून घेतल्यावाचून आत प्रवेश नाही. काका रोज झाडले जात. कोर्टातून बाजाराच्या रस्त्याने आलेले वडीलही झाडले जात; पगडी निराळी, अंगरखा निराळा, उपरणे निराळे.

एकदा वडिलांबरोबर पाटील आले. एवढे मोठे वकील दोन्ही हात पसरून उंबऱ्याबाहेर उभे आहेत आणि एक सोवळी बाई त्यांना आगेमागे झाडते आहे, हे पाटलांनी शांतपणे पाहून घेतले.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "कोर्टात आमची बाजू तुमी मांडता. घरात तुमची कोन मांडते?"

आत्याने झाडू पाटलांकडे वळविला.

*

आता यमुनाकाकू.

काकांची पहिली बायको सगुणाकाकू पहिल्याच बाळंतपणात गेली, आणि मूलही गेले. त्यानंतर काकांचे दुसरे लग्न अकोल्याच्या यमुनाकाकूशी झाले. ती माझ्याहून फार मोठी नव्हती. गाडीतून उतरली तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा एक टाक होता. बोटाच्या पेराएवढा, आणि त्यावर एका स्त्रीची आकृती ठोकलेली.

आजच्या मुलींना हे ठाऊक नसेल, म्हणून सांगते. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात वागवावयाचा, आणि कोणतेही नवे वस्त्र आधी तिला द्यावयाचे. टाक पाटावर ठेवावयाचा, हळदकुंकू वाहावयाचे, लुगड्याची घडी पुढे ठेवून "आधी तुम्ही नेसा" म्हणावयाचे, आणि मग आपण हात लावावयाचा. यात चूक झाली तर सवत कोपते, आणि कोपली तर ती पोटच्या पोरावर किंवा बाळंतिणीवर उठते, असे सर्वजणी मानीत.

इतर घरांतील दुसरेपणाच्या बायकांना ही धास्ती दिवाळी-संक्रांतीपुरतीच असे, कारण नवे वस्त्र येणारच तेव्हा. यमुनाकाकूचे दुर्दैव असे की, तिचे लग्न ऐन कापसाच्या तेजीत झाले. काका बाजार आटोपून बगलेत नवे लुगडे घेऊन येत, आणि ते दारात दिसले की काकूचे तोंड उतरे.

पहिले लुगडे पिवळे होते. काकूने सगळा विधी यथासांग केला, लुगडे नेसली, आणि संध्याकाळी देवापाशी दिवा लावण्यास उठली तो पदर दाराच्या कोयंड्यात अडकून टरकन फाटला. तो कोयंडा माझ्या जन्माआधीपासून तिथे होता, आणि त्यात आम्हा सर्वांचे पदर अडकत. पण काकू पांढरीफटक पडली.

"त्यांनी ओढला," ती टाकाकडे बोट दाखवून म्हणाली.

पाटलीणबाई त्या वेळी ओसरीवर सुपारी कातरीत बसल्या होत्या. त्यांनी अडकित्ता थांबविला नाही. "तिले पिवळा आवडला नसन. दुसरा दाखवून पाय," त्या म्हणाल्या, जणू काही दुकानात गिऱ्हाईक बसले होते.

*

काकूने तो सल्ला मनावर घेतला. स्वतःला काय शोभते हे शोधण्याच्या वयात ती मेलेल्या बाईला काय आवडत असे हे शोधू लागली. आईने जांभळा सांगितला. शेजारणींना विचारले, तर प्रत्येकीने स्वतःच्याच आवडीचा रंग सांगितला. आत्याला खात्रीने ठाऊक असते, पण आत्याला विचारण्याचे धैर्य काकूजवळ नव्हते. उरले काका. वडीलधाऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलावयाचे नाही, म्हणून तिने मला पाठविले.

काका ओसरीवर रुईच्या नमुन्याची पुडी उघडून बसले होते. चिमूटभर रुई बोटांत घेऊन, डोळे मिटून, धागा ओढून ते सांगत की, हा कापूस हिंगणघाटचा की बार्शीटाकळीकडचा, पहिल्या वेचणीचा की शेवटच्या. त्यात ते चुकले असे मी कधी ऐकले नाही.

मी विचारले, "काका, सगुणाकाकूला कोणता रंग आवडायचा?"

त्यांच्या बोटांतला धागा तुटला. त्यांनी दुसरी चिमूट घेतली. मग म्हणाले, "पिवळा असेल. लग्नात पिवळंच होतं ना?"

"लग्नात सगळ्यांचंच पिवळं असतं," मी म्हणाले.

काका उठले, जोडे घातले आणि बाजारात निघून गेले. नमुन्याची पुडी तशीच उघडी राहिली.

मी आत जाऊन काकूला शब्दन् शब्द सांगितला. मला वाटले होते, ती रागावेल. ती भ्यालेली दिसली. "म्हणजे मी गेल्यावर माझाही आठवणार नाही," एवढेच ती म्हणाली.

*

पुढच्या हंगामात काकूला दिवस गेले. सगुणाकाकू ज्या खोलीत गेली, तीच आमच्या घरातील बाळंतिणीची खोली होती. काकूने नवी लुगडी नेसणे बंद केले. कोणाचे, विशेषतः सवतीचे, आपल्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून ती धुऊन धुऊन विटलेले एक लुगडे नेसून भिंतीच्या कडेकडेने वावरू लागली. काका मात्र आणीतच होते. पेटाऱ्यात कोऱ्या घड्यांचा थर चढत होता, आणि आत्याचा पारा त्याहून वर चढत होता.

आपल्याकडे नव्या लुगड्याची घडी एखाद्या भरल्या घरच्या सवाष्णीने मोडून द्यावी असा रिवाज आहे. तिने ते आधी नेसावे, चार पावले चालावे, आणि परत करावे; म्हणजे ते मालकिणीला लाभते. पाटलीणबाईंचे घर मुलाबाळांनी भरलेले होते. त्या आपण होऊन पुढे झाल्या.

"आना इकडं, मी मोडून देते. मेलेली बाई मले काय करते? तिच्यापरीस माही सासू वंगाळ होती."

त्या डाळिंबी लुगडे नेसल्या, अंगणात फिरल्या, तुळशीला दाखवून आल्या, आणि आत्यापुढे उभ्या राहिल्या. आत्याने कधी नव्हे ती मान डोलावली. काकूच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग दिसला.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईंना ताप भरला. आदल्या दुपारी त्यांनी हुरड्यावर किती बोरे खाल्ली होती हे आम्ही सर्वांनी पाहिले होते, पण त्याचा उच्चार कोणी केला नाही. त्या कुडकुडत गाडीत बसल्या आणि काकूला म्हणाल्या, "यमुनाबाई, तुही सवत लय जड हाय वं."

गाडी गेली. वाक्य आळीत राहिले. त्यानंतर काकूच्या लुगड्याची घडी मोडण्यास कोणी सवाष्ण तयार होईना. हळदीकुंकवाला बायका तिला हात लांब करून कुंकू लावीत आणि दुसऱ्या हाताने आपापला पदर आवरून धरीत.

*

काकूच्या कोऱ्या घड्यांना आजवर कोणी हात लावला नव्हता; एके दिवशी त्या बदलण्यासाठी आत्याने तिचा पेटारा उघडला. मी वेखंडाच्या पुरचुंड्या धरून शेजारी बसले होते. तिने पहिले लुगडे उलगडले, हातावरून सरकवीत गेली, आणि टोकाशी थांबली. दुसरे उलगडले. मग तिसरे. प्रत्येकाच्या आतल्या टोकाची पट्टी कापलेली होती. बऱ्हाणपुरी, नागपुरी, पैठणी. एकही सुटले नव्हते.

"कसर कात्रीनं खात नाही," आत्या हळूच म्हणाली.

काकूला बोलावले. ती टाक मुठीत धरून आली आणि न विचारताच तिने कोनाड्यातून एक डबी काढून पुढे ठेवली. डबीत बाहुलीची असावीत तशी लुगडी होती. बोटभर लांबीची, निऱ्या घातलेली, काठ जोडलेली. सवतीची. घडी न मोडता हात आत घालून, प्रत्येक नव्या लुगड्यातून तिने आधी सवतीचे कापून ठेवले होते, म्हणजे तिला वाट पाहावी लागणार नाही आणि राग येणार नाही.

मला ती इवली लुगडी फार सुंदर वाटली. आत्याच्या डोळ्यांपुढे मात्र कापलेले रेशीम होते.

"नऊ वार नेसणारी बाई ती," आत्या म्हणाली. "तिला चिंध्या दिल्यास?"

काकूला ते वाक्य आत्याचे वाटले नाही; सवतच आत्याच्या तोंडून बोलली असे वाटले. ती मटकन खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून ती अंथरुणातून उठेना, आणि तोंडात घास घेईना. आपण त्याच खोलीत तशाच जाणार, एवढे एकच ती सांगत राहिली.

सुईण आली, पोट चाचपून बाहेर आली, आणि आईला म्हणाली, "पोर ठीक हाय. माय ठीक नाही. अशी उपाशी राह्यली तं दोघंबी जातीन."

आत्या दारामागे उभी होती. तिने सर्व ऐकले. त्या दिवसापासून तिने पेटारा उघडला नाही, आणि लुगड्यांविषयी कोणाला एक शब्दही सांगितला नाही. आईने मुद्दाम ते केशरी नेसून पाहिले. आत्याने मान वर केली, पाहिले, आणि खाली घातली. आई इतकी घाबरली की तिने स्वतःच ते बदलले.

*

डोहाळजेवणाचा दिवस आला. काकांनी हिरवे लुगडे आणले होते. पुढच्या ओसरीवर आळीतल्या बायका जमल्या होत्या, पाटलीणबाईही आल्या होत्या, पाने मांडली जात होती. काकू मागच्या खोलीत पडून होती. घडी मोडलेली नाही, मी नेसणार नाही, असे तिने भिंतीकडे तोंड करून सांगितले होते. घडी मोडण्यास कोण येणार, हे विचारण्याचे धैर्य आईला बाहेर जाऊन झाले नाही.

फुलांच्या दागिन्यांची वाडी घेऊन मला मागे पाठविले. दार लोटलेले होते. मी ते ढकलले.

राधाआत्या खोलीच्या मध्यभागी उभी होती. तांबडे आलवण जमिनीवर होते आणि अंगावर हिरवे लुगडे होते. कासोटा घातलेला, पदर डोक्यावरून घेतलेला. निऱ्या मात्र उलट्या दिशेला वळल्या होत्या. जरीच्या लुगड्याच्या निऱ्या जन्मभर तिने दुसऱ्यांच्याच अंगावर, समोर उभे राहून घातल्या होत्या. स्वतःच्या अंगावर त्याच हातांना बाजू सापडली नव्हती. पाटावर टाक होता. काकू अंथरुणात उठून बसली होती.

विधवेने डोहाळजेवणाचे लुगडे अंगाला लावले, हे कोणाला कळते तर आत्याला त्या घरात, त्या आळीत उभे राहण्यास जागा उरली नसती. आणि पुढे काकूचे काहीही बरेवाईट झाले असते, तर ते सर्व तिच्याच माथी आले असते. मला तेव्हाही हे पक्के कळत होते. मी मागे वळले, तो बोळातून जोडव्यांचा आवाज येत होता.

मी बाहेर येऊन दार ओढून घेतले आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. समोर पाटलीणबाई होत्या.

"यमुनाबाई कुठं हाय? समद्या वाट पाहून राह्यल्या."

"आत्या सोवळ्यात आहे," मी म्हणाले. "आत जाऊ नका."

त्या हातभर अंतरावर थांबल्या. आतून कोऱ्या रेशमाचा आवाज आला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे.

"तुह्या आत्याचं सोवळं लय सळसळून राह्यलं वं," त्या म्हणाल्या.

मी दाराची कडी मागच्या मागे घट्ट धरली. आतून आत्याचा आवाज आला. ती पाटाकडे तोंड करून बोलत असावी.

"सगुणे, घडी मी मोडली. जो राग काढायचा तो माझ्यावर काढ. हिला हात लावू नकोस."

पाटलीणबाईंनी ते ऐकले. त्या परत फिरल्या नाहीत. बोळाच्या मधोमध, दाराकडे पाठ करून, आपला सगळा विस्तार पसरून त्या खाली बसल्या आणि त्यांनी कनवटीची पानसुपारीची चंची काढली. त्यांना ओलांडून कोणाला येणे शक्य नव्हते.

पुष्कळ वेळाने दार उघडले. काकू हिरवे लुगडे नेसून, स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. निऱ्या सरळ होत्या. तिच्यामागे आत्या, तांबड्या आलवणात.

ओसरीवर एकीने विचारलेच, घडी कोणी मोडली म्हणून.

"म्या मोडली," पाटलीणबाई म्हणाल्या. "काहून?"

कोणी पुढे विचारले नाही. काकूने पानावरचा पहिला घास घेतला.

त्यानंतरच्या दिवसांची भीती आत्याच्या वाट्याची होती. चालताना ठेच लागली तर ती थांबून मागे पाही. पदर कोयंड्यात अडकला तर तो सोडवून ती आधी काठ फाटला का ते पाही. काकूच्या कळा सुरू झाल्या तेव्हा ती दाराबाहेर भिंतीला टेकून बसली, आणि मूल रडल्याचा आवाज येईपर्यंत उठली नाही. मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

बारशाला काकांनी अबोली रंगाचे लुगडे आणले. काकूने पाट मांडला, टाक ठेवला, हळदकुंकू वाहिले. नंतर घडी तिने दोन्ही हातांवर घेतली, आणि ती टाकापुढे न ठेवता माजघरात आत्यापुढे जाऊन उभी राहिली. दार सताड उघडे होते. ओसरीवर बायका बसल्या होत्या.

"आधी तुम्ही, वन्सं," काकू म्हणाली.

आत्याने हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवला. लुगड्याचा पदर उलटून तिने काठ तपासला, मग ते उजेडाकडे धरून रंग नीट पाहिला.

"अबोली मला शोभायचा नाही," ती म्हणाली.